गरम झाली की सुरू होत नाही : पिकअपचा डिझेल पंप बदलण्याआधी

प्रश्न दहिवेलकडच्या एका भाऊंचा आहे. २०१० सालची पिकअप, अडीच लिटरचं टर्बो इंजिन, त्यावर रोटरी पंप, म्हणजे डिझेल दाबाने सिलिंडरकडे पाठवणारा. कांदा भरून सुरतेला जाते, येताना मिळेल ते भाडं घेऊन येते. तक्रार त्यांच्याच शब्दांत : "सकायले एका सेल्फमा चालू व्हस, पन तपनी का मंग नाव लेत नही." कोंडाईबारीचा घाट चढून वर चहाला थांबले की गाडी अर्धा-पाऊण तास रुसून बसते. मिस्त्रीने पंप गेला असं सांगितलंय. आता त्यांच्यासमोर तीन भाव आहेत. नवा ओरिजिनल पंप, एका दुकानातला रिकंडिशन केलेला बदली पंप, आणि जुन्या बाजारातला 'चालू गाडीवरून काढलेला' पंप, जो नव्याच्या पाव किमतीत मिळतोय. कोणता घ्यावा आणि आपला जुना पंप बदलीत देऊन टाकावा का, एवढंच त्यांनी विचारलंय.

भाऊ, तिसऱ्याचं आधी सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव त्या पाव किमतीत अडकून राहणार नाही : तो घेऊ नका. उरलेल्या दोनांशिवाय एक चौथा रस्ता आहे, तो तुम्हाला कुणी सांगितलेला दिसत नाही. तुमच्याच पंपाची बॉडी ठेवायची आणि आत नवं हेड, म्हणजे पंपाचा दाब तयार करणारा मागचा भाग, बसवायचं. मी धुळ्यात २८ वर्षं टेस्ट बेंचवर, म्हणजे पंप तपासायच्या मशीनवर, उभा आहे. तुमच्यासारख्या तक्रारीत मी बहुतेक वेळा हाच रस्ता धरतो. का, ते सांगतो, पण पंप खरंच गेलाय का हे आधी बघू. माझ्याकडे असे कितीतरी पंप येतात की बेंचवर चढवले की सगळे आकडे बरोबर. दोष टाकीत असतो, फिल्टरमध्ये असतो, नाहीतर बॅटरीत. गिऱ्हाइकाला ते सांगितलं की त्याला वाटतं आपण काम टाळतोय.

गरम झाल्यावर सुरू न होण्याची कारणं मोजकी आहेत. पहिलं कारण सेल्फ. बुश झिजलेला सेल्फ तापला की जड फिरतो. इंजिन पुरेशा वेगाने फिरलंच नाही तर पंप बिचारा काय करणार? सकाळी आणि घाट चढल्यावर, दोन्ही वेळा सेल्फचा आवाज कान देऊन ऐका. दुसरं कारण स्टॉप सोलेनॉइड, म्हणजे किल्लीबरोबर डिझेल सुरू-बंद करणारी विजेची झडप. पंपाच्या मागच्या बाजूला, जिथून चार पाइप निघतात तिथे वरून एक वायर येते, ती याची. किल्ली फिरवली की 'टक्' असा आवाज यायला हवा. गरम गाडीत तो आवाज येत नसेल तर बॅटरीवरून थेट वायर लावून बघा. थेट वायरवर गाडी सुरू झाली तर दोष वायरिंगचा किंवा किल्लीच्या स्विचचा आहे. वायर लावूनही टक् झालं नाही तर सोलेनॉइड गेलाय, तो स्वस्तात बदलतो. तिसरं कारण हवा. टाकी ते पंप या लाइनीत कुठेतरी बारीक भेग पडली की पंप डिझेलबरोबर हवाही ओढतो. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये हातभर पारदर्शक नळी लावा, बुडबुडे डोळ्यांनी दिसतील.

हे तिन्ही नसेल तर हेडकडे बोट दाखवायचं. त्याची तपासणी फुकटात होते. घाट चढून गाडी बंद केलीत आणि सुरू होत नाहीये, अशा वेळी कांद्याचं रिकामं बारदान पाण्यात भिजवा आणि पंपाच्या मागच्या भागावर, चार पाइप निघतात त्या डोक्यावर, पाच-दहा मिनिटं गुंडाळून ठेवा. वायरीच्या जोडणीत पाणी जाऊ देऊ नका. मग सेल्फ मारा. पटकन सुरू झाली तर हेड-रोटर झिजलाय, याबद्दल माझ्या मनात फारशी शंका उरत नाही. मात्र इंजिन चालू असताना तापलेल्या पंपावर थंड पाणी ओतू नका. बाहेरचं लोखंड आकसतं, आतला रोटर गरमच असतो, आणि दोन्ही एकमेकांना धरून बसतात. तसा जाम झालेला पंप मी उघडलाय, त्यातला एकही भाग कामाचा राहिला नव्हता.

पाण्याने काय होतं हे समजून घेतलं तर पुढे कुणी तुम्हाला फसवू शकणार नाही. रोटरी पंपात चार सिलिंडरना मिळून एकच प्लंजर, म्हणजे दाब देणारा दांडा असतो; हेडमधला रोटर तो हाच. तो फिरतो आणि फिरता फिरता मागेपुढेही होतो. एका फेऱ्यात चार धक्के, पाळीपाळीने चार सिलिंडरना. या प्लंजरभोवती रबर नाही, सील नाही. तो ज्या भोकात सरकतो त्या भोकाची आणि त्याची फट दोन-तीन मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. एवढ्या बारीक फटीतून डिझेलला निसटता येत नाही म्हणून दाब तयार होतो. फट वाढली की डिझेल मागे गळतं. सकाळी डिझेल थंड आणि जरा घट्ट असतं, त्यामुळे वाढलेली फटही निभावते. तापल्यावर तेच डिझेल पातळ होतं. त्यात सेल्फवर इंजिन मिनिटाला जेमतेम २०० फेरे घेतं आणि पंप त्याच्या निम्मे, म्हणजे १००. प्लंजर इतका सावकाश पुढे येतो की पातळ डिझेलला निसटायला भरपूर वेळ मिळतो. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा नोझल उघडण्याइतका दाबच होत नाही. इंजिन चालू असताना प्लंजर इतक्या झपाट्याने येतो की गळायला फुरसत नसते, म्हणून तुमची गाडी कोंडाईबारी बिनतक्रार ओढते आणि वर बंद केल्यावर नाव घेत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, बॉनेटखाली तर विचारूच नका. थंड मुलखात हाच पंप आणखी वर्षभर चालला असता.

आता फट का वाढली? या पंपात इंजिन ऑइल जात नाही. त्याचं वंगण म्हणजे डिझेलच. मिस्त्री म्हणतात, "नव्या डिझेलात गंधक नाही, म्हणून पंप मरतात." यात अर्धं खरं आहे. प्रदूषणाच्या सरकारी मानकांपैकी बीएस-३ च्या डिझेलात गंधक ३५० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ३५०) चालायचं, बीएस-४ मध्ये ५०, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर आलेल्या बीएस-६ मध्ये फक्त १०. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा मूळचा ओशटपणा कमी होतो हे बरोबर. पण म्हणूनच रिफायनरीत वंगण वाढवणारं द्रव्य मिसळतात आणि भारतीय मानकात त्याची चाचणी ठरवून दिली आहे. तेलात घासलेल्या गोळीवर पडणारा चट्टा ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा चालत नाही. पेट्रोल पंपावर बिल घेऊन भरलेल्या डिझेलाला मी दोष देत नाही. मी दोष देतो तो रॉकेलच्या भेसळीला, आणि हायवेवर टाकी-नळी मांडून 'बायोडिझेल' म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त तेलाला. नवापूरच्या पुढे गुजरातेत डिझेल स्वस्त पडतं म्हणून सगळेच तिकडे टाकी भरतात, मीही भरतो. पण ते पेट्रोल पंपावर. ड्रममधल्या तेलाने फुगलेले सील आणि ओरबाडलेले रोटर माझ्याकडे एका डब्यात जमा आहेत. कुणी वाद घालायला आलं की तो डबा पुढे सरकवतो.

पाण्याचंही तेच. फिल्टरखालच्या वाटीतलं पाणी पावसाळ्यात आठवड्याला सोडायचं असतं, हे किती जण करतात? पंपाचं वरचं झाकण उघडलं आणि आत तांबूस गंज दिसला तर मी हेडचा भाव सांगण्याआधी टाकी उतरवायला सांगतो. गंजलेल्या टाकीवर नवा पंप लावणं म्हणजे फुटक्या हौदात पाणी भरणं.

आता निवडीकडे. कुठलाही पंप हातात घेण्याआधी तुमच्या पंपावरची प्लेट पुसून तिचा फोटो काढा. आमच्या धंद्यात प्लेट म्हणजे पंपाचा सातबारा. आपल्याकडचे जुने मिस्त्री सरसकट 'मायको पंप' म्हणतात. १९५१ मध्ये बंगळूरला सुरू झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचं ते आद्याक्षरांचं नाव, २००८ पासून ती बॉश झाली. पण नुसतं 'बॉश पंप द्या' म्हणणं म्हणजे चपलेच्या दुकानात जाऊन 'चामड्याची द्या' म्हणण्यासारखं आहे. माप सांगावं लागतं आणि ते माप प्लेटवर असतं. उदाहरणादाखल, समजा प्लेटवर लिहिलंय : व्हीई ४/११ एफ १६०० आर. व्हीई म्हणजे या जातीचा रोटरी पंप. ४ म्हणजे चार सिलिंडर. ११ म्हणजे प्लंजरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. एफ म्हणजे वजनाच्या गोट्यांवर चालणारा मेकॅनिकल गव्हर्नर, इंजिनाचा वेग आवरणारा भाग. तिथे ई असेल तर तो इलेक्ट्रॉनिक, तुमच्या गाडीला निरुपयोगी. १६०० हा पंपाचा ठरवलेला वेग, म्हणजे इंजिनाचा ३२००. शेवटचा आर म्हणजे ड्राइव्हच्या बाजूने पाहिलं तर पंप घड्याळाच्या दिशेने फिरतो. एल असेल तर उलटा. याशिवाय प्लेटवर शून्य ४६० अशा आकड्यांनी सुरू होणारा, किंवा आपल्याकडच्या काही पंपांवर ९ ४६० ने सुरू होणारा, दहा आकडी नंबर असतो. तो पूर्ण जुळला पाहिजे. शेवटचे तीन आकडे वेगळे असले की दुकानदार म्हणतो, "चालून जातं." गाडी चालतेही, पण घाटात नाही तर धुराच्या मशीनवर तो फरक वसूल होतो.

कारण दोन पंप बाहेरून जुळे भाऊ दिसले तरी आत किती गोष्टी वेगळ्या असतात बघा. तुमचं इंजिन टर्बोचं आहे, म्हणजे पंपाच्या डोक्यावर पडद्याचा एक डबा आहे आणि टर्बोकडून एक बारीक नळी त्यात येते. हवेचा दाब वाढला की पडदा खाली दबतो आणि पंप जास्त डिझेल सोडतो. बिनटर्बोच्या इंजिनाचा पंप बसवलात तर डबाच नाही, गाडी भरल्यावर मरगळते. मोठ्या इंजिनाचा बसवलात तर काळा धूर, तापणं आणि शेवटी पिस्टन. प्लंजरला पुढे ढकलणाऱ्या कॅम-प्लेटचा उठाव वेगळा, शाफ्टचा टेपर वेगळा (१७ किंवा २० मिलिमीटरचा सर्रास आढळतो), गव्हर्नरच्या स्प्रिंगा वेगळ्या. सोलेनॉइड १२ व्होल्टचा की २४ चा हेही वेगळं. शिकाऊ होतो तेव्हा दुसऱ्याच वर्षी मी मोठ्या गाडीवरचा एक पंप पिकअपवर चढवला आणि दुपारभर सेल्फ मारत बसलो. एका थेंबाचाही पत्ता नाही. संध्याकाळी उस्ताद आले, सोलेनॉइडवर बोट ठेवलं. त्यावर २४ व्होल्ट लिहिलेलं होतं. १२ व्होल्टवर तो उचलणार कसा? उस्ताद काही बोलले नाहीत, पण त्या दिवशीच्या चहाचे पैसे मला द्यायला लावले.

ज्यांच्या गाडीवर इनलाइन पंप आहे, म्हणजे चार पाइप एका रांगेत उभे आहेत, त्यांचं गणित सोपं आहे. तिथे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र एलिमेंट, म्हणजे प्लंजरची जोडी असते. खालचा कॅमशाफ्ट ऑइलमध्ये चालतो, त्यामुळे पंप दणकट. चार एलिमेंट, चार डिलिव्हरी व्हॉल्व्ह बदलून कॅलिब्रेशन केलं, म्हणजे बेंचवर आकडे जुळवून घेतले, की बहुतेक वेळा भागतं, नव्या पंपाचा विचार क्वचितच करावा लागतो. त्याच्या प्लेटवर ९० लिहिलं असेल तर प्लंजर ९ मिलिमीटरचा, ११० असेल तर ११ चा. आणि लुकास जातीचा रोटरी, डीपीए किंवा डीपीसी, असेल तर तो वेगळ्याच घराण्याचा. त्याच्या आतली रचना वेगळी, सुटे भाग वेगळे. 'यावर तो बसतो' असं सांगणाऱ्याकडून पंप घेऊच नका.

परत तुमच्या तीन भावांकडे येतो. जुन्या बाजारातला पंप 'चालू गाडीवरून काढलेला' असेलही. पण ती गाडी थंड असताना चालू होती की गरम? तुमचा पंपही सकाळी बघितला तर चालूच आहे ना! तुमच्या पंपात जो आजार आहे तो दुकानाच्या फळीवर कळत नाही. शिवाय काढल्यापासून तो किती दिवस कोरडा पडलाय कुणास ठाऊक. आतलं डिझेल सुकून गोंद होतो, ओलाव्याने रोटरला गंजाचे ठिपके पडतात. असा पंप आणून माझ्याकडे खोलायला, सील बदलायला आणि कॅलिब्रेशनला दिलात की वाचवलेल्या पैशातला निम्मा माझ्याकडेच येतो. माझा फायदा आहे, तरी नको म्हणतोय.

रिकंडिशनचा बदली पंप चांगला असू शकतो, पण तो कुणी केला यावर सगळं आहे. नुसता रंग मारलेला पंप आणि खरोखर उघडून केलेला पंप काउंटरवर सारखेच चमकतात. म्हणून तीन गोष्टी विचारा. हेड नवं घातलं का, आणि कोणत्या नंबरचं? बॉशच्या चार सिलिंडरच्या हेडचा नंबर १ ४६८ ३३४ ने सुरू होतो, सहा सिलिंडरचा ३३६ ने. काढलेलं जुनं हेड दाखवा म्हणायचं. आणि टेस्ट बेंचवरचा कागद द्या म्हणायचं. कागद नसेल तर तो पंप रिकंडिशन नाही, धुतलेला आहे.

त्या कागदात काय बघायचं? पूर्ण भाराला किती डिझेल सोडतो तो आकडा लोक पहिला वाचतात. तुमच्यासाठी तो शेवटचा. तुम्ही १०० फेऱ्यांवरची डिलिव्हरी बघा, तिला आम्ही स्टार्टिंगची डिलिव्हरी म्हणतो. तुमचा आजार नेमका तिथे पकडला जातो. त्या नंबरच्या पंपाला ठरलेल्या आकड्यापेक्षा ती खाली असेल तर बाकीचे सगळे आकडे सोन्याचे असले तरी पंप परत द्या. मग बेंचवरच्या चारही मापनळ्यांतली डिझेलची पातळी बघा. एक नळी वर, एक खाली असेल तर इंजिन थरथरणार. पंपाच्या आतला दाब वेगाबरोबर वाढतो का तेही बघा, कारण त्याच दाबावर टायमिंग, म्हणजे डिझेल सोडण्याची वेळ, पुढे सरकतं. टर्बोच्या डब्याला हवा देऊन डिलिव्हरी वाढते का, हेही करून दाखवायला सांगा. समोर उभं राहून बघू देत नसतील तर दुकान बदला. माझ्या दुकानात गिऱ्हाइकाला स्टूल ठेवलेलं आहे, चहा मात्र ज्याचा त्याने आणायचा.

आता माझा कल. तुमच्या पंपाचा आजार जर फक्त हेडचा असेल, तर स्वतःच्या पंपात नवं ओरिजिनल हेड-रोटर आणि सील किट घालून घ्या. बॉडी तुमची, गव्हर्नर तुमचा, टर्बोचा डबा तुमचा, नंबर तुमचा. जुळवणीचा प्रश्नच येत नाही. पंप उघडल्यावर आणखी तीन जागा बघायच्या. ड्राइव्ह शाफ्ट हाताने हलवून बघायचा. तो डुगडुगत असेल तर बुश गेले, आणि अनेकदा बुशबरोबर बॉडीचं घरही. आतल्या फीड पंपाच्या पात्या जिथे घासतात त्या रिंगेवर नख फिरवायचं, नख अडकलं तर रिंग गेली. कॅम-प्लेट आणि रोलर खरवडलेले आहेत का तेही बघायचं. या तिन्हींत दोन गोष्टी गेलेल्या असतील, किंवा सगळीकडे गंज असेल, तर मग नवा पंप घ्या. दुरुस्तीचा अंदाज नव्याच्या निम्म्याच्या वर गेला की मी स्वतःहून गिऱ्हाइकाला थांबवतो. आणि एक खूण तुम्ही आजच बघू शकता. डिपस्टिक काढा. इंजिन ऑइलची पातळी न भरता वाढलेली असेल आणि वास डिझेलचा येत असेल, तर पंपाच्या पुढच्या सीलमधून डिझेल इंजिनात उतरतंय. तसं असेल तर पंपाचं नंतर बघू, आधी ऑइल बदला. पातळ ऑइलवर घाट चढू नका, बेअरिंग जातील.

नवा घ्यायचा तर कंपनीच्या अधिकृत डीलरकडून, जीएसटीचं बिल आणि गॅरंटीचा कागद घेऊनच. हेडच्या बाबतीत तर हे जास्तच पाळा. नकली हेड हल्ली इतकं हुबेहूब येतं की खोका बघून मलाही सांगता येत नाही. ते कळतं बेंचवर, आणि गिऱ्हाइकाला कळतं पुढच्या उन्हाळ्यात.

पंपाबरोबर चारही नोझल तपासून घ्या, हे सांगायची गरज पडू नये. नव्या पंपाला ठिबकणारे नोझल म्हणजे धूर पंपाच्या नावावर.

बसवतानाच्या चुका मात्र सविस्तर सांगतो, कारण नवा पंप 'खराब निघाला' अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांत बसवण्याची चूकच जास्त असते. एकदा पिंपळनेरकडून रात्री एक गाडी ओढून आणली. कांद्याने भरलेली. दुपारीच नवा पंप टाकलेला, गाडी सुरू व्हायची, रेस केलं की मरायची. मालक पंपवाल्याच्या नावाने बोटं मोडत होता. मी एक बोल्ट काढला, दुसरा काढला, दोघांची अदलाबदल केली, गाडी नीट. झालं असं की पंपाला डिझेल आत येण्याचा आणि परत जाण्याचा असे दोन पोकळ बोल्ट असतात. परतीच्या बोल्टवर 'आउट' असं कोरलेलं असतं आणि त्याला सुईच्या टोकाएवढं बारीक भोक असतं. त्या बारीक भोकामुळेच पंपाच्या आत दाब टिकतो. मिस्त्रीने घाईत तो आत येणाऱ्या बाजूला लावला होता, म्हणजे पंपाला डिझेल सुईतून पाजलं जात होतं. म्हणून जुना पंप काढतानाच तो बोल्ट वेगळा, खिशात ठेवायचा. फडक्यात बाकीच्या नटांबरोबर टाकायचा नाही.

टायमिंग 'कानावर' करणाऱ्याला हात लावू देऊ नका. रोटरी पंपाच्या मागचा मधला बोल्ट काढून तिथे डायल गेज लावतात आणि पहिलं सिलिंडर ठरलेल्या जागी असताना प्लंजर किती उठलाय हे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात वाचतात. आकडा इंजिनाच्या पुस्तकात असतो. जुन्या खुणेवर खूण जुळवली तर जवळपास येतं, पण नव्या हेडनंतर जवळपास पुरत नाही. टायमिंग पुढे गेलं तर इंजिन खडखडतं, मागे राहिलं तर पांढरा धूर आणि तापणं.

आणि पंप कोरडा फिरवू नका. फिल्टरवरचा हँड पंप मारत राहायचं, परतीच्या बोल्टातून बुडबुडे थांबून निव्वळ डिझेल येईपर्यंत. मग नोझलकडचे पाइपाचे नट थोडे ढिले करून सेल्फ मारायचा, डिझेल आलं की आवळायचे. दहा मिनिटांचं काम आहे, पण ती वाचवण्यात नव्या हेडवर पहिलाच ओरखडा पडतो.

एवढं झाल्यावर मिस्त्री म्हणेल, "भाऊ, डिझेल थोडं वाढवून देऊ का, घाटात पळेल." पंपाच्या मागे एक स्क्रू असतो, बेंचवर तो लावून सील केलेला असतो. तो फिरवला की गाडी खरंच पळते. एक्झॉस्टही तितकाच काळा होतो. तुमच्या बीएस-३ गाडीला धुराची मर्यादा ६५ हार्टरिज (धुराच्या दाटपणाचं माप), मशीनवर २.४५ दिसते. बीएस-४ गाड्यांना ती ५०, म्हणजे १.६२. तुमच्या वयाच्या व्यावसायिक गाडीला फिटनेस दरवर्षी लागतो, म्हणजे दरवर्षी तो स्क्रू परत आत-बाहेर. सील तुटलं की गॅरंटीही गेली.

हे वाचणाऱ्यांत कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून (रेलमधून) डिझेल देणाऱ्या पिकअपवाले असतील, त्यांच्यासाठी थोडंच. वरचं बहुतेक तुम्हाला लागू नाही. तुमच्या पंपाचं काम फक्त रेलमध्ये दाब भरणं, कधी आणि किती सोडायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. सेल्फवर रेलचा दाब २०० बारच्या आसपास पोचला नाही की गाडी सुरू होत नाही, आणि मिस्त्री पंपाला दोष देतो. पण आधी चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या बाटल्यांत सोडून मोजा. एक बाटली बाकीच्यांच्या आधी भरली तर दाब तिथून पळतोय, पंप निर्दोष आहे. आणि पंप खरंच फुटून फिल्टरमध्ये चकचकीत चुरा दिसला, तर नुसता पंप बदलू नका. तो चुरा रेलमध्ये, इंजेक्टरमध्ये, परतीच्या लाइनीने टाकीतही पोचलेला असतो. नवा पंप महिन्यात परत येईल.

भाऊ, राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. जुना पंप बदलीत देऊ नका, निदान उघडून बघेपर्यंत तरी. ज्या पंपाने एवढी वर्षं तुमच्या इंजिनाशी जमवून घेतलंय, त्याची बॉडी शाबूत असेल तर ती बाजारातल्या कुठल्याही बदली पंपापेक्षा मोलाची आहे. नवा पंप घेतलात तरी जुन्याची प्लेट, टर्बोचा डबा, सोलेनॉइड आणि तो 'आउट'चा बोल्ट काढून ठेवा.

सोलेनॉइडची वायर आणि पारदर्शक नळी घरीच करून बघा, बारदानाचा प्रयोग घाटावर करा. त्यानंतरही माझ्याकडे यायचं ठरलं तर दुपारी या, भरल्या गाडीने, घाट चढून, मध्ये कुठेही थंड न करता. सकाळी सकाळी आणलीत तर ती एका सेल्फमध्ये सुरू होईल आणि आपण दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसू.